निळीचा तिसरा टिपका

जानरावच्या रेडिओचा आवाज शाबूत होता, काटा तेवढा पडला होता. काचेच्या आत, आकड्यांच्या पट्टीखाली, तो तांबडा काटा मेलेल्या नाकतोड्यासारखा आडवा झाला होता. बटन पिळलं की आत कुणीतरी हिंदीत बोलायचं, मग गाणं लागायचं, मग खरखर, मग भलतंच कुणी. आपण नेमके कुठं आलो, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

"बोलते तं हाये," भागिरथा म्हणाली. "मंग काटा कायले पडला?"

जानरावनं रेडिओ उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवला आणि पुन्हा फळीवर ठेवला. त्या दिवसांत तो बोलायचाच कमी.

आता कुणी शहाणा म्हणेल, रेडिओ बोलतो आहे ना, मग काट्याचं एवढं काय घेऊन बसलात? काटा काही गात नाही. खरं आहे. पण हे ज्याला वाचता येतं त्यानं म्हणावं. केनवडच्या या नवराबायकोला त्या पट्टीवरचा एक आकडा ओळखता येत नव्हता. त्यांचा सारा कारभार तो काटा आणि काचेवरचे तीन निळे टिपके यांच्यावर चालला होता. आणि त्या कारभारात त्यांचा एकुलता एक मुलगा जिवंत आहे की नाही, एवढीच एक गोष्ट होती.

मुलाचं नाव देवमन. तो सैन्यात होता. आदल्या उन्हाळ्यात सुटीवर आला तेव्हा कॅन्टिनमधून हा रेडिओ घेऊन आला. आठवडाभर अर्धी वस्ती त्यांच्या ओट्यावर बसून होती, आणि गाणी ऐकता ऐकता कुणी भागिरथेचा चहा संपवला, कुणी जानरावची तंबाखू. जायच्या आदल्या दिवशी देवमन आपला पांढरा सदरा निळीत बुडवत होता. तसाच ओल्या बोटानं उठला आणि काचेवर एक टिपका ठेवला, थोडं पुढं दुसरा ठेवला.

"बा, काटा या टिपक्याखाली आनला का नागपूर. या टिपक्याखाली आनला का दिल्ली. मधात फिरू नको, मधात समदा बजार हाये."

टिपके वाळले तेव्हा त्यांच्यात बोटाच्या रेघा उमटलेल्या दिसल्या. बारीक, गोल गोल. भागिरथा रोज रेडिओवरची धूळ झटकायची, पण काचेला फडकं लावायची नाही.

मग हिवाळ्यात लढाई झाली. लढाई थोडक्यात संपली, आपण जिंकलो, शाळेत पेढे वाटले. पेढ्यांच्या मागोमाग पलटणीचा कागद आला. मास्तरांनी तो वाचला, परत वाचला आणि एकच शब्द सांगितला, बेपत्ता.

जानराव तिथून उठला आणि शेतात गेला. तुरीची सोंगणी अर्धी राहिली होती, ती पुरी केली. संध्याकाळी घरी आला, भाकरी खाल्ली, झोपला. सकाळी पुन्हा शेतात. लोक म्हणाले, मन मोठं घट्ट आहे बुवा. लोकांचं काय, लोकांच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. मन घट्ट वगैरे काही नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, मग चिमटा काढला तरी कळत नाही. जानरावचं तसं झालं होतं, फक्त पायाच्या जागी सबंध माणूस झोपला होता. भाकरीत मीठ आहे की नाही हेसुद्धा त्याला कळत नसे. भागिरथा एकदा मीठ घालायला विसरली आणि त्यानं दोन्ही भाकरी गुमान खाल्ल्या, तेव्हा तिला खरी भीती वाटली.

रिठदचा दौलतराव हवालदार बातमी ऐकून आला. हा माणूस कधीचाच पेन्शनीत निघाला होता, पण अजून चालायचा तो कवायतीच्या चालीनं आणि बोलायचा ते हुकूम सोडल्यासारखं. दारातच मोठ्यानं "जयभीम" घातला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "जानराव, बेपत्ता म्हंजे मेला नाई. मेला असता तं मेला लिवलं असतं. पलटन खोटं लिवत नाई. कैदेत असन पोरगा."

"कोनाच्या?" भागिरथेनं विचारलं.

"तिकडच्यांच्या. अन् तिकडचे त्यांच्या रेडिओवर कैद्यांची नावं सांगून राह्यले रोज. दिवे लागले का. आन तुहा रेडिओ."

दौलतरावनं मांडीवर रेडिओ घेतला, दिवेलागण होऊ दिली आणि बटन केसाकेसानं पिळत राहिला. देवमनच्या दुसऱ्या टिपक्याच्या बराच पुढं, खरखरीच्या पोटातून, एक शांत, जाडसर आवाज वर आला. नाव, वल्द अमुक, जिला तमुक. कैद्याचं, त्याच्या बापाचं, जिल्ह्याचं. मग दुसरं नाव. आवाजात ना राग होता ना दया. कापूस मोजून घेणाऱ्यासारखा तो माणूस नावं सांगत होता.

"हेच," दौलतराव म्हणाला. "कर खून काचेवर."

भागिरथेनं निळीची पुडी सोडली, बोट ओलं केलं आणि काट्याच्या डोक्यावर काचेवर ठेवलं. तिचं बोट शेणामातीनं जाड झालेलं, टिपका ओबडधोबड पसरला. मुलाच्या दोन नीटस टिपक्यांच्या ओळीत आईचा तिसरा.

"आता आईक," हवालदार जाता जाता बोट उगारून म्हणाला. "काटा या टिपक्यावर ठेवाचा. इकडं नाई, तिकडं नाई. हे लय बारीक काम हाये. टिपका सोडला का हरवलाच समज. हलवू नका, काय?"

"नाई हलवत," जानराव म्हणाला.

तेव्हापासून घरातला रेडिओ दिवसातून एकदाच लागायचा. सेल उतरू नयेत म्हणून नागपूर बंद, दिल्ली बंद, गाणी बंद. ओट्यावरची वस्तीही हळूहळू आपापल्या घरी बसायला शिकली. दिवा लागला की जानराव काटा तिसऱ्या टिपक्याखाली आणायचा आणि दोघं समोर बसायची. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली फळी, फळीवर रेडिओ. नावं यायची. कुठली कुठली आईबापांची लेकरं, कुणी गुरुदासपूरचं, कुणी साताऱ्याचं, कुणी भलत्याच डोंगरातलं. विहारात वंदना संपली की सगळे 'साधू' म्हणतात, म्हणजे भलं झालं. भागिरथा प्रत्येक नावामागं हळूच तसं म्हणायची. परक्याचं पोरगं जिवंत निघालं, साधू. आणखी एक निघालं, साधू. नावं संपली की जानराव बटन बंद करायचा आणि ती भाकरी थापायला बसायची.

जानराव नावं ऐकत नव्हता. तो फक्त जिल्ह्याची वाट पाहायचा. जिला अकोला एवढं ऐकलं की पुरे, असं त्यानं ठरवलं होतं. अकोला येत नसे. त्याचं त्याला काही वाटतही नसे. वाटायला हवं, हे मात्र त्याला कळत होतं.

अशात तो काटा पडला.

बाजाराच्या दिवशी त्यानं रेडिओ देवमनच्या चादरीत गुंडाळला आणि यष्टीनं रिसोडला नेला. तिथं शालिग्राम नावाचा रेडिओवाला होता. हात चांगला, पण तोंड हाताहून दुप्पट चालायचं. लग्नाच्या तिथी तोंडावर आल्या होत्या आणि दुकान भोंग्यांनी भरलं होतं. एक वरबाप छातीवर हात बांधून दारात उभाच होता, आपला भोंगा घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून.

शालिग्रामनं रेडिओ उघडला, आत पाहिलं आणि खो खो हसला.

"जानरावभाऊ, तुमच्या रेडिओत उंदरानं संसार मांडला राजेहो! हे पाहा लेंड्या. दोरा कुरतडला बेट्यानं."

त्यानं दाखवलं. बटनाच्या मागं एक चाक, चाकाला दोरा, दोरा चार कोपऱ्यांतून फिरून आलेला आणि त्या दोऱ्यावर काटा अडकवलेला. बटन फिरलं की चाक फिरतं, चाकाबरोबर दोरा सरकतो आणि दोऱ्याबरोबर काटा.

"टेशन पकडते ते चाक," शालिग्राम म्हणाला. "काटा तं नुसता दोऱ्यावर बसून जाते. पाव्हना हाये तो. पन पाव्हन्याशिवाय मानसाले समजत नाई आपुन कोन्या गावाले आलो."

"शालिग्राम, वऱ्हाड निघालं ना माह्यं!" वरबाप दारातून ओरडला.

"आलो, आलो!" शालिग्रामनं नवा दोरा ओवला, गाठ मारली, काटा उचलून दोऱ्यावर अडकवला. बटन एका टोकाला पिळलं, दुसऱ्या टोकाला पिळलं. काटा आज्ञाधारक पोरासारखा गेला आणि आला. मग त्यानं कानानं शोधून नागपूर लावलं. कुणी बाई गात होती.

"वाजून राह्यला का नाई?"

"वाजून राह्यला."

"काटा फिरून राह्यला का नाई?"

"फिरून राह्यला."

"मंग झालं!"

झालं नव्हतं. बटन डावीकडं पुरतं पिळलं की काटा पूर्वी पट्टीच्या पहिल्या रेघेवर जाऊन उभा राहायचा. आता तो रेघेच्या अलीकडं, बोटभर अंतरावर अडायचा. जानरावला हे दिसलं. स्वच्छ दिसलं. 'काटा पयले रेघेवर राहे,' एवढंच म्हणायचं होतं. शालिग्रामनं दोऱ्यावरून काटा चिमटीनं सरकवला असता, घोटभर चहा प्यायला लागतो तेवढंही काम नव्हतं. पण तोंड उघडायचं, शब्द जुळवायचे, मग तो काय म्हणतो ते ऐकायचं, याचा जानरावला आधीच शीण आला. वरबाप ओरडत होता. असू दे, त्याला वाटलं. बोटभर तर आहे. त्यानं रेडिओ चादरीत गुंडाळला आणि यष्टी धरली.

त्या संध्याकाळी काटा तिसऱ्या टिपक्याखाली, अगदी बरोबर मधोमध, आणून ठेवला. खरखर आली.

"नावं नाई लागली अजून," भागिरथा म्हणाली.

दोघं बसून राहिली. खरखर थांबली नाही. दुसऱ्या दिवशीही खरखरच आली, आणि तिसऱ्याही. बाहेर कुणी म्हणालं, तिकडच्यांचं अन् इकडच्यांचं पुन्हा बिनसलं असेल, बंद केली असतील नावं. कुणी म्हणालं, आभाळ आलं की असंच होतं. आभाळ तर काचेसारखं स्वच्छ होतं, पण फुकटच्या तर्काला कोण अडवणार.

"आवो, जरासा सरकवून तं पाहा," भागिरथेनं एकदा म्हटलं.

"हवालदारानं काय सांगतलं? हलवू नका."

"सांगतलं खरं."

"तुयाच हाताची खून हाये ना ते? टिपक्यावर हाये ना काटा?"

ती जवळ जाऊन पाहून आली. काटा टिपक्यावरच होता. तिनं आपल्या बोटाची खूण ओळखली, काटाही ओळखला, त्यात खोट कुठंच नव्हती. टिपका जिथं ठेवला होता तिथंच होता आणि आवाज तेवढा गेला होता, याचा अर्थ तिला एकच लावता येत होता. तिकडचा माणूस बोलायचा थांबला होता.

तरी रोज दिवा लागला की दोघं खरखरीसमोर बसायची. 'साधू' म्हणायला नाव नसायचं म्हणून भागिरथेचे ओठ मिटलेले असायचे. आणि जानरावचं सांगायचं तर, खोटं कशाला बोला, त्याला त्या खरखरीत बरं वाटायचं. कुणाचं नाव नाही, कुणाचा जिल्हा नाही, वाट पाहायचं कारण नाही. भिंतीला पाठ लावून तो डोळे मिटायचा आणि खरखर अंगावरून जाऊ द्यायचा.

हरभरा सोंगायला आला तेव्हा त्यांची लेक लिलाबाई माहेरी आली. ती किन्हीराजाला दिली होती. आईबाप रडत नाहीत, बोलत नाहीत, संध्याकाळी बिघडलेला रेडिओ लावून बसतात, हे तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून ती चार दिवस काढून आली. पहिल्या दुपारी जानराव अंगणात दोर वळत बसला होता, भागिरथा चुलीपाशी होती. लिलाबाईला घरातली ती शांतता सोसेना. तिनं फळीवरचा रेडिओ खाली घेतला.

"हात नको लावू," भागिरथा आतून म्हणाली. "सेल उतरतीन."

"उतरू दे वं माय. नवे आनीन मी. बायकांचा कार्यक्रम हाये नागपूरले."

तिनं काचेकडं न पाहता, गाण्याच्या मागावर कान ठेवून बटन पिळलं. मधला बाजार मागं पडला आणि नागपूर लागलं. कुणी बाई आंब्याच्या लोणच्याला फोडणी कशी द्यायची ते सांगत होती. लिलाबाई ऐकता ऐकता काचेकडं पाहायला लागली.

"माय," ती म्हणाली. "दादानं नागपूरचा टिपका कोनता म्हनला होता?"

"पयला."

"मंग काटा कुठं हाये पाह्य."

भागिरथा पिठाचे हात घेऊनच आली. नागपूर स्वच्छ लागलं होतं. देवमनच्या बोटाच्या रेघा असलेला पहिला टिपका डावीकडं होता, आणि काटा त्याच्या उजवीकडं, बोटभर पुढं उभा होता.

"बा, इकडं ये," लिलाबाईनं हाक मारली. "दादाचा टिपका खोटा का तुयाला काटा खोटा?"

जानराव उठून आला. त्यानं पाहिलं. मग अंगणातून ज्वारीचं एक बारीक चिपाड आणलं, टिपका आणि काटा यांच्यात आडवं धरलं आणि तेवढंच मोडून घेतलं. बटन पुढं पिळलं. दिल्लीचा माणूस बातम्या सांगत होता, काही कांद्याचं, काही कुठल्या धरणाचं. तिथं काटा थांबवला आणि दुसऱ्या टिपक्यापाशी चिपाड धरलं. तेवढंच अंतर निघालं. ना कमी, ना जास्त.

तो खाली बसला.

"काय झालं?" भागिरथेनं विचारलं. "सांगा ना, काय झालं?"

"काटा इतला सरकून बसला," तो चिपाड दाखवून म्हणाला. "समदीकडं. पयल्या टिपक्यावर सरकला, दुसऱ्यावर सरकला. मंग तिसऱ्यावरबी इतलाच सरकला असन."

"म्हंजे?"

"म्हंजे आपुन ज्या जागी बसलो, त्या जागी कोनी नव्हतंच. नावं इथं होती." त्यानं चिपाडाच्या दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं.

भागिरथेच्या हाताचं पीठ वाळून पडायला लागलं तरी ती तशीच उभी राहिली.

तिकडचा आवाज दिवसा लागत नसे. संध्याकाळपर्यंत थांबणं भाग होतं. जानराव पुन्हा दोर वळायला बसला, पण पीळ उलटा बसू लागला. झोपलेला पाय जागा होताना आधी मुंग्या येतात आणि त्या असह्य असतात. तसं काहीतरी त्याच्या छातीत सुरू झालं होतं. त्याला ते नको होतं. उठून तो विहिरीवर गेला, तोंड धुतलं, परत आला. दिवस ढळेचना.

दिवा लागला. तिघं बसली. जानरावनं तिसऱ्या टिपक्याला चिपाडाचं एक टोक लावलं आणि दुसऱ्या टोकाशी काटा आणला. खरखर पातळ झाली, फाटली आणि तोच शांत, जाडसर आवाज आला. जसा काही तो कधी गेलाच नव्हता.

नाव, वल्द अमुक, जिला तमुक.

"साधू," भागिरथा म्हणाली.

दुसरं नाव. "साधू." तिसरं. नावं पूर्वीपेक्षा थोडी होती आणि मधल्या जागा मोठ्या होत्या. प्रत्येक जागेत जानरावला अकोला ऐकू यायचं आणि मग दुसरंच काही निघायचं. त्याची बोटं चिपाडावर होती. शेवटी तो माणूस थांबला, घसा साफ केला आणि म्हणाला, "ये आख़री फ़ेहरिस्त थी." मग वाजंत्री सुरू झाली.

"काय म्हनला?" भागिरथेनं विचारलं.

लिलाबाई सातवीपर्यंत शिकली होती, सासरी हिंदी ऐकत होती. तिनं मान खाली घातली. "शेवटची यादी म्हनते, माय. आता सांगनार नाई."

वाजंत्री वाजत राहिली. कुणालाही बटन बंद करायचं सुचलं नाही.

"मले दिसलं होतं," जानराव म्हणाला.

"काय दिसलं होतं?"

"रिसोडले. काटा पयल्या रेघेवर आला नाई, अलीकडंच थांबला. मले दिसलं. शालिग्रामले म्हनाचं होतं. मी बोललो नाई."

लिलाबाई ताडकन उठली. "काहून नाई बोलला, बा? तोंड नव्हतं तुले? दादाचं नाव सांगून गेले असतीन ते, अन् तुमी खरखर आईकत बसले!" ती ओसरीत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. त्या घरात देवमनसाठी कुणी असं रडलं ते पहिल्यांदाच.

कशाचंच काही वाटत नव्हतं म्हणून बोललो नाही, हे जानरावनं लेकीला कसं सांगायचं? भागिरथेनं नवऱ्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग उठून चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला बसली.

मधल्या दिवसांत देवमनचं नाव ऐकलं होतं का, ते विचारायला दुसऱ्या दिवशी जानराव पायी रिठदला गेला. दौलतराव हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या मिशा प्रथमच खाली आल्यासारख्या दिसल्या.

"मह्यापाशी कुठला रेडिओ, जानराव? मी तं तुयाच घरी आईकलं एकडाव. इथं कोनी आईकत नाई ते. ज्याचं जळते त्यालेच कळते." मग तो म्हणाला, "हलवू नका, मीच म्हनलो होतो ना?"

"तुमीच म्हनले होते."

"पलटनीले लिवतो. पन ते काय सांगतीन, त्यायलेच ठाऊक नाई तं." त्यानं जानरावच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात हुकूम नव्हता.

परत येताना जानरावनं मनाशी ठरवलं, रेडिओ घेऊन उद्याच रिसोडला जायचं, शालिग्रामसमोर काटा रेघेवर सरकवून घ्यायचा. आता त्याचा उपयोग काही नव्हता. पण निदान एक गोष्ट जागच्या जागी बसेल, असं त्याला वाटलं. घरी येऊन त्यानं देवमनची चादर काढली.

"कायले?" भागिरथेनं विचारलं.

"काटा बसवून आनतो."

"नको."

"काहून नको? टिपक्यावर यीन तो. पोराच्या टिपक्यावर नागपूर लागन पुन्हा."

"राहू द्या तसाच," ती म्हणाली आणि चादर त्याच्या हातातून घेऊन घडी केली.

संध्याकाळी तिनं दिवा लावला. लिलाबाई दारात हरभरा निवडत होती. भागिरथा फळीसमोर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "लावा."

"आता काय लावू? संपलं म्हनलं ना त्यानं."

"मह्या टिपक्यावर लावा. त्या दिवसांत लावत होते तसा."

त्याला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण त्यानं लावला. काटा तिच्या ओबडधोबड टिपक्याखाली आणला, अगदी मधोमध. खरखर आली. तीच, त्या सगळ्या संध्याकाळची. भागिरथेनं हात जोडले, डोळे मिटले. खरखर दोघांच्या अंगावरून जात होती.

मग ती हळूच म्हणाली, "साधू."

जानराव दचकला. "कोनाचं नाव आलं?"

"आपल्या देवमनचं."

"आवं, खरखर हाये ते."

"मले समजते खरखर हाये." तिनं डोळे उघडले नाहीत. "त्या दिवसांत कवातरी सांगतलं असन त्यानं. वल्द जानराव, जिला अकोला. सगळ्यांच्या पोरायले साधू म्हनली मी. मह्या पोराचं आलं त्या दिवशी मीच म्हनली नाई. म्हनून आज म्हनते."

जानरावनं तोंड उघडलं. त्यालाही तो शब्द म्हणायचा होता, पण त्याच्या घशातून शब्दाऐवजी दुसरंच काही निघालं, बैलाच्या हंबरण्यासारखं मोठं आणि ओबड. ते आपलंच आहे हे त्याला आधी कळलं नाही. लिलाबाई हातातलं सूप टाकून धावत आली आणि बापाचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. तो रडत होता आणि त्याला सगळीकडं दुखत होतं. रेडिओची खरखर चालूच होती. सेल उतरत होते, पण त्या दिवशी भागिरथेनं कुणाला बटन बंद करू दिलं नाही.